महाधमनीतला कण आणि डोळ्यातला अंधार

हृदयाच्या धमन्यांची कॅथेटर घालून केलेली तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी, किंवा त्याच वाटेने अरुंद धमनी फुग्याने रुंदावण्याचा उपचार, म्हणजे अँजिओप्लास्टी, झाल्यावर काही थोड्या रुग्णांची दृष्टी अचानक बिघडते. कोणाला एका डोळ्याने दिसेनासे होते, कोणाच्या दोन्ही डोळ्यांपुढे अंधार येतो, कोणाला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. असे क्वचितच घडते. पण घडते तेव्हा रुग्ण नुकताच टेबलावरून खाटेवर आलेला असतो. सगळ्यांचे लक्ष छातीकडे आणि मनगटावरच्या पट्टीकडे असते. ‘अंधुक दिसतंय’ ही तक्रार उपाशीपोटी आलेल्या थकव्यावर, झोपेच्या औषधावर किंवा भीतीवर ढकलली जाते आणि मागे पडते. डोळ्याच्या बाबतीत हा उशीर फार महाग पडतो, कारण डोळ्याचा पडदा रक्तावाचून दिवसभर तग धरत नाही. त्याच्या हाती मोजके तास असतात.

नळीची वाट

कॅथेटर ही सुमारे दोन मिलिमीटर जाडीची लांब, लवचीक, पोकळ नळी असते. आधी एक बारीक तार पुढे सरकवतात आणि त्या तारेवरून नळी चढवतात. सुरुवात मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीपासून होते आणि नळी महाधमनीत पोहोचते. महाधमनी ही शरीराची मुख्य रक्तवाहिनी. ती हृदयातून निघून वर चढते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या तिच्या उगमाशीच, झडपेच्या लगेच वर फुटतात. मेंदू, मान आणि हात यांच्याकडे जाणारे मोठे फाटे कमानीतून निघतात. म्हणजे जांघेतून चढवलेल्या नळीला कोरोनरीच्या तोंडाशी पोहोचण्यासाठी ती सगळी कमान ओलांडावी लागते. उजव्या मनगटातून आलेली नळी तर मानेकडे जाणाऱ्या उजव्या फाट्याच्या तोंडावरूनच महाधमनीत उतरते.

या वाटेला इतिहास आहे. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण चित्र काढून घेतले. या कामासाठी त्याला १९५६ साली आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्समानची नळी शिरेतून, हृदयाच्या उजव्या बाजूला गेली होती. उजव्या बाजूत एखादी गुठळी सुटली तर ती फुप्फुसांत अडकते. फुप्फुसे इथे गाळणीचे काम करतात, म्हणून शिरेतून केलेल्या तपासणीत डोळ्याला सहसा धोका नसतो. अपवाद असतो तो हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः असलेले छिद्र पूर्ण बुजलेले नसेल तर. सुमारे चौघांतल्या एकाच्या हृदयात असा लहानसा मार्ग उघडा राहिलेला असतो.

१९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स तपासणी करत असताना कॅथेटरचे टोक अनपेक्षितपणे उजव्या कोरोनरी धमनीत शिरले आणि औषध थेट तिच्यात गेले. रुग्ण बचावला आणि कोरोनरी धमन्यांचे चित्र घेता येते हे सिद्ध झाले. १९७७ साली झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी अरुंद झालेली कोरोनरी धमनी पहिल्यांदा फुग्याने रुंदावली. या दोन घटनांनंतर हृदयरोगाच्या उपचाराची मुख्य वाट महाधमनीतून, म्हणजे डाव्या बाजूने जाऊ लागली. या बाजूला गाळणी नाही. इथे सुटलेला कण सरळ रक्ताबरोबर पुढे जातो.

दोन रस्ते, दोन प्रकारची तक्रार

कमानीत सुटलेला कण दृष्टीपर्यंत दोन रस्त्यांनी पोहोचू शकतो. डोळ्यांच्या जवळपास सगळ्या तक्रारींचा उलगडा हे दोन रस्ते समजले की होतो.

पहिला रस्ता मानेच्या पुढच्या भागातल्या कॅरोटिड धमनीचा. आतली कॅरोटिड कवटीत शिरल्यावर तिला फुटणारा पहिला मोठा फाटा म्हणजे डोळ्याची धमनी. तिच्यापासून निघालेली एक बारीक शाखा डोळ्याच्या नसेत शिरते आणि तिच्या मधून दृष्टिपटलाला, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या पडद्याला, रक्त पुरवते. या शाखेची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. कण या रस्त्याने गेला तर एकाच डोळ्यावर परिणाम होतो.

दुसरा रस्ता मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जाणाऱ्या दोन धमन्यांचा. हातांकडे जाणाऱ्या धमन्यांतून त्या फुटतात, कवटीत शिरल्यावर एकत्र येतात आणि मेंदूच्या तळाला व मागच्या भागाला रक्त देतात. डोळ्यांनी टिपलेले चित्र शेवटी उमगते ते मेंदूच्या या मागच्या भागात. तिथे बिघाड झाला तर डोळे धडधाकट असूनही दिसत नाही आणि परिणाम नेहमी दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीवर होतो.

कण येतात कुठून

वय वाढले, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असले की महाधमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे आणि चुन्याचे थर बसतात. ज्यांच्या कोरोनरी धमन्यांत अडथळे आहेत, त्यांच्या महाधमनीतही असे थर असण्याचा संभव जास्त. ताठ नळी किंवा तारेचे टोक या थरावरून घासले की त्यातले कण खरवडून निघतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अँजिओप्लास्टीच्या १,००० प्रसंगी नळीतून मागे येणारे रक्त तपासले गेले. निम्म्याहून अधिक वेळा त्यात महाधमनीच्या भिंतीवरून खरवडलेला गाळ सापडला. हा गाळ रक्तात पुढे जाऊ न देता बाहेर काढला गेला म्हणून त्या रुग्णांना त्रास झाला नाही. पण हे कण किती सहज सुटतात ते यावरून कळते.

गुठळी हा दुसरा उगम. नळीच्या आत किंवा तारेवर रक्त साकळले आणि ती गुठळी पुढच्या वेळी ढकलली गेली तर ती मेंदूकडे जाऊ शकते. हृदयविकाराच्या झटक्यामुळे हृदयाचा एखादा भाग हलेनासा झाला असेल, तर त्या जागी आधीच साचलेली गुठळीही नळीच्या धक्क्याने सुटू शकते. नळी नीट भरून घेतली नाही तर हवेचा बुडबुडा शिरतो. महाधमनीची झडप चुन्याने जाड व अरुंद झाली असेल, तर तिच्यातून नळी उलट दिशेने पलीकडे नेताना चुन्याचे कण सुटतात.

या शेवटच्या धोक्याचे मोजमाप जर्मनीतल्या बॉन इथल्या संशोधकांनी केले. त्यांचा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. झडप अरुंद असलेल्या ज्या १०१ रुग्णांत नळी झडपेपलीकडे नेली, त्यांच्यापैकी २२ जणांच्या मेंदूत एमआरआयवर नव्या, लहान इजा दिसल्या. जाणवण्यासारखा त्रास मात्र तिघांनाच झाला. ज्यांच्यात झडप ओलांडली नाही, त्यांच्यापैकी कोणाच्याही मेंदूत नवी इजा आढळली नाही. बहुतेक कण लहान असतात आणि मेंदूच्या अशा कोपऱ्यात जाऊन बसतात की रुग्णाला काहीच कळत नाही. दृष्टीच्या वाटेवर तशी सवलत नसते. पडद्याच्या मध्यबिंदूला किंवा मेंदूच्या दृष्टिकेंद्राला लागलेला लहानसा कणही लगेच जाणवतो.

एकूण धोका किती, हा प्रश्न स्वाभाविक आहे. या तपासणी-उपचारांनंतर पक्षाघात होण्याचे प्रमाण साधारणपणे हजारात एक ते चार इतके असते. साध्या अँजिओग्राफीत ते कमी आणि अँजिओप्लास्टीत जास्त. दृष्टीपुरता मर्यादित त्रास त्याहूनही विरळ. हृदयविकाराच्या झटक्यात वेळेवर केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यामुळे या धोक्याच्या भीतीने ती टाळणे योग्य नाही.

एका डोळ्यापुढचा अंधार

पडद्याची मुख्य धमनी बंद झाली तर त्या डोळ्याची दृष्टी काही सेकंदांत जाते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. अनेक रुग्णांना आपल्यापुढे बोटे हलताहेत इतकेच कळते, काहींना फक्त उजेड कळतो. त्या डोळ्यावर टॉर्चचा प्रकाश टाकला तर बाहुली नीट आकसत नाही. पण तोच प्रकाश दुसऱ्या डोळ्यावर टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात.

ऑफ्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाने, पाहिले की दिसणारे चित्र विसरण्यासारखे नसते. एरवी नारिंगी-तांबूस असणारा पडदा सुजून दुधासारखा फिका पडतो. त्याच्या मधोमध, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते तिथे, एक चेरीसारखा लाल ठिपका उठून दिसतो. हा ठिपका म्हणजे रक्तस्राव नव्हे. त्या जागी पडदा इतका पातळ असतो की त्याच्या मागच्या, वेगळ्या धमन्यांतून रक्त मिळणाऱ्या थराचा लाल रंग आरपार दिसतो. भोवतालचा भाग फिका पडल्याने तो अधिकच ठसठशीत वाटतो.

मुख्य धमनीऐवजी तिची एखादी फांदी बंद झाली तर दृष्टीचा तेवढाच भाग झाकला जातो, वरचा अर्धा किंवा खालचा अर्धा. मध्यबिंदू वाचला तर वाचन पुष्कळदा शाबूत राहते. काही लोकांच्या पडद्याच्या मध्याला आणखी एका स्वतंत्र लहान धमनीतून रक्त मिळते. अशा माणसाची मुख्य धमनी बंद झाली तरी मधली नजर टिकते आणि त्याला नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते.

कधी कण अडकतो आणि लगेच फुटून पुढे सरकतो. तेव्हा एका डोळ्यावर वरून पडदा उतरल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांत पुन्हा स्वच्छ दिसते. दृष्टी परत आली म्हणून ही तक्रार सोडून देणे चुकीचे आहे, कारण मागून दुसरा कण येऊ शकतो.

पडद्यावरच्या धमनीत अडकलेला कण काही वेळा प्रत्यक्ष पाहता येतो. धमनी जिथे दुभागते तिथे नेमका बसलेला, सोनेरी-पिवळा, प्रकाश पडला की चमकणारा हा ठिपका कोलेस्टेरॉलचा असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ साली त्याचे महत्त्व दाखवून दिले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले आहे. तो चपटा आणि पातळ असल्याने रक्त बऱ्याचदा त्याच्या कडेने वाहत राहते आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. चुन्याचा कण पांढरट, मंद आणि गोल असतो. तो वाट पुरती बुजवतो आणि जास्त नुकसान करतो. शरीरातल्या धमनीतला कण कोणतीही चिरफाड न करता, जिवंतपणी, फक्त एका भिंगातून बघता येईल अशी डोळा ही एकमेव जागा आहे. म्हणून पडद्यात सापडलेला असा ठिपका डोळ्यापुरता राहत नाही. वर, महाधमनीत किंवा मानेच्या धमनीत काय साचले आहे ते तो सांगतो.

तासांचा हिशेब

रक्त थांबल्यावर पडदा किती वेळ जगतो, याचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले उत्तर भारतीय वंशाचे नेत्रसंशोधक सोहन सिंग हायरे यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात माकडांवर केलेल्या प्रयोगांतून मिळाले. वयस्क, रक्तदाब वाढलेल्या माकडांत ९७ मिनिटांपर्यंत धमनी बंद ठेवली तर पडद्याला टिकाऊ इजा झालेली दिसली नाही. त्यापुढे इजा वाढत गेली आणि सुमारे चार तासांनंतर ती जवळजवळ पूर्ण व कायमची झाली. माणसाच्या डोळ्यात धमनी क्वचितच शंभर टक्के बंद होते, त्यामुळे हा अवधी थोडाफार लांबू शकतो. तरीही ‘उद्या सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवू’ हा निर्णय पडद्याच्या दृष्टीने उशिराचाच ठरतो.

उपचारांची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. बंद पापणीवरून बुबुळावर बोटांनी थांबून थांबून दाब देणे, डोळ्यातला दाब उतरवणारी औषधे देणे, सुईने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले थोडे पाणी काढणे, हे उपाय पूर्वीपासून केले जातात. कण पुढे सरकावा हा त्यामागचा हेतू. त्यांचा फायदा खात्रीचा नाही. गुठळी विरघळवणारे औषध डोळ्याच्या धमनीत सोडण्याच्या पद्धतीची युरोपात चाचणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साध्या उपचारांपेक्षा दृष्टीत जास्त सुधारणा झाली नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढले. शिरेतून असे औषध पहिल्या साडेचार तासांत देण्याचा विचार आज होतो. पण नुकतीच नळी काढलेल्या आणि हेपरिन हे रक्त साकळू न देणारे औषध दिलेल्या रुग्णात रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. शिवाय कण चुन्याचा किंवा कोलेस्टेरॉलचा असेल तर गुठळीवरचे औषध त्याला विरघळवू शकत नाही. हृदयतज्ज्ञ, मेंदूतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी एकत्र बसून रुग्णागणिक ठरवण्याचा हा विषय आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली पडद्याच्या मुख्य धमनीचा अडथळा हा पक्षाघाताचाच प्रकार मानून त्याच तातडीने हाताळावा, असे स्पष्ट केले.

डोळे ठीक, तरी दिसत नाही

मागच्या रस्त्याने गेलेला कण मेंदूच्या दृष्टिकेंद्राची एक बाजू बंद करतो तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची एकच बाजू जाते. उजव्या बाजूचा मेंदू दुखावला तर डावीकडचे दिसत नाही. रुग्ण ‘डाव्या डोळ्याने दिसत नाही’ असे सांगतो. पण त्याने उजवा डोळा एकटा उघडा ठेवला तरी डावीकडचे दिसत नाहीच. ताटातल्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो, ओळ वाचताना सुरुवातीचे शब्द गळतात. हातापायांत अशक्तपणा नसल्याने हा पक्षाघात आहे असे कोणाच्या मनात येत नाही.

दोन्ही बाजूंची केंद्रे एकाच वेळी बंद पडली तर पूर्ण अंधत्व येते. त्याचे एक कारण पक्षाघात, पण कॅथेटर तपासणीनंतर आणखी एक, बरेच दिलासादायक कारण आढळते. धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून त्यांत आयोडीन असलेले द्रव औषध सोडतात. रुग्णालयात सगळे त्याला ‘डाय’ म्हणतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक आडभिंत असते. मेंदूच्या मागच्या भागात ही आडभिंत तुलनेने लवकर हार खाते. डाय तिच्यातून झिरपून दृष्टिकेंद्राच्या पेशींपर्यंत पोहोचला की त्यांचे काम काही काळ थांबते. रक्तदाब जास्त असणारे, डायचे प्रमाण जास्त लागलेले आणि आधी बायपास झालेले रुग्ण या त्रासात अधिक आढळतात. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी जोडलेली असेल तर तिचे चित्र घेण्यासाठी हाताकडे जाणाऱ्या धमनीत डाय सोडावा लागतो आणि मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारा फाटा तिथून अगदी जवळ असतो.

हा त्रास तपासणी सुरू असताना किंवा नंतरच्या काही तासांत सुरू होतो. डोके दुखते, उलटी होते, थोडा गोंधळ उडतो आणि दोन्ही डोळ्यांपुढे अंधार पसरतो. टॉर्च मारला तर बाहुल्या नेहमीसारख्या आकसतात, आतला पडदाही निरोगी दिसतो. डोळ्यांची तपासणी अशी निर्दोष निघाल्यावर रुग्ण सोंग करतो आहे किंवा घाबरला आहे असा समज होण्याचा धोका असतो. काही रुग्णांना आपल्याला दिसत नाही हेच उमगत नाही. ते समोरच्या माणसाच्या कपड्यांचा रंग खात्रीने आणि चुकीचा सांगतात. ऑस्ट्रियाचे गाब्रिएल अँटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवस्थेचे वर्णन केले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूचा मागचा भाग डायमुळे पांढरा दिसतो आणि तो रक्तस्रावासारखा भासू शकतो, म्हणून एमआरआय करून पक्षाघात नाही याची खात्री करावी लागते. खात्री झाल्यावर रक्तदाब ताब्यात ठेवणे, पुरेसे द्रव देणे आणि धीर देणे हा मुख्य उपचार. बहुतेकांची दृष्टी एक-दोन दिवसांत, काहींची थोड्या अधिक दिवसांत पूर्ण परतते.

पापणी, बाहुली आणि नजरेची दिशा

डोळे हलवणाऱ्या चेतांची केंद्रे मेंदूच्या खोडात असतात. तिथल्या बारीक धमनीत कण अडकला तर एक पापणी गळून पडते, एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा नजर वर-खाली नेता येत नाही. दोन दिसण्याची तक्रार एक डोळा झाकल्यावर नाहीशी होत असेल तर दोष डोळ्यांच्या हालचालीत आहे, हे तिथेच कळते.

मानेतल्या शिरेतून नळी घातली असेल तर शेजारच्या चेतेला धक्का लागून त्या बाजूची पापणी थोडी खाली येते आणि बाहुली लहान होते. मानेच्या धमनीचा आतला पापुद्रा फाटला तरी हेच चिन्ह दिसते, म्हणून त्याची शहानिशा केली जाते. नळी काढताना नाडी फार मंदावली तर अ‍ॅट्रोपिन टोचतात. त्याने बाहुल्या मोठ्या होतात आणि काही तास जवळचे धूसर दिसते. हे निरुपद्रवी असते. मात्र डोळ्याचा पुढचा कप्पा जन्मतःच अरुंद असलेल्या माणसाला क्वचित काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. डोळा लाल होऊन खूप दुखतो, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. आतापर्यंत सांगितलेल्या अडथळ्यांत डोळा दुखत नाही. इथे दुखणे ठळक असते, हा फरक उपयोगी पडतो. डायची अ‍ॅलर्जी असेल तर पापण्या सुजतात, डोळे चुरचुरतात. त्याबरोबर श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर ती सर्वांगाची तातडी समजतात.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांमुळे डोळ्यात रक्तस्राव होईल, ही भीती मधुमेह्यांच्या मनात असते. पडद्यावर मधुमेहाचे विकार झालेल्या डोळ्यात तसे होऊ शकते आणि मग नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळी तरंगते. पण भीतीच्या मानाने हा धोका फारच लहान आहे. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारी औषधे दिलेल्या मोठ्या गस्टो अभ्यासातल्या ६,००० हून अधिक मधुमेही रुग्णांत डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्याची एकही खात्रीची नोंद सापडली नाही. डोळ्यांच्या भीतीने झटक्यावरचा उपचार नाकारू नये, हाच त्याचा अर्थ.

एक प्रकार उशिरा उमटतो. महाधमनीतला मोठा थर ढळला तर कोलेस्टेरॉलच्या बारीक स्फटिकांचा पाऊस शरीरभर पडतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत पायाची बोटे निळी पडतात, कातडीवर जाळीसारखे डाग येतात, मूत्रपिंडांचे काम घटत जाते. कारण चटकन लक्षात येत नाही. अशा वेळी डोळ्याच्या पडद्यातला सोनेरी ठिपका निदानाचा दुवा ठरतो.

धोका कमी कसा करतात

बहुतेक काळजी हाताच्या साध्या सवयींत आहे. नळी नेहमी तारेवरून सरकवतात, टोकाने भिंत घासू देत नाहीत. नळी जागेवर पोहोचली आणि तार काढली की लगेच औषध सोडत नाहीत. आधी नळीच्या तोंडातून थोडे रक्त मुक्तपणे बाहेर वाहू देतात, म्हणजे खरवडलेला गाळ त्याबरोबर निघून येतो. मग सलाइनने नळी धुतात आणि पिचकारीत बुडबुडा नाही हे डोळ्यांनी पाहून घेतात. हेपरिनने रक्त साकळू देत नाहीत. नळ्यांची अदलाबदल आणि डायचे प्रमाण शक्य तितके कमी ठेवतात. झडप अरुंद आहे हे सोनोग्राफीने आधीच कळले असेल तर नळी तिच्यापलीकडे नेणे टाळतात.

मनगटाची वाट १९८९ साली कॅनडातले लुसियाँ कांपो यांनी रुळवली आणि आज ती सर्वत्र पसंत केली जाते. तिच्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. डोळ्याकडे किंवा मेंदूकडे कण जाण्याचा धोका मात्र तिने संपत नाही, कारण कमानीजवळून जावे लागतेच.

खाटेशेजारची दोन मिनिटे

दृष्टीची तक्रार आली की निदानाची पहिली पायरी यंत्रावाचून होते. रुग्णाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे, आधी एक डोळा तळहाताने झाकून, मग दुसरा. एकाच डोळ्याने काटे दिसत नसतील तर बिघाड त्या डोळ्यात किंवा त्याच्या धमनीत. दोन्ही डोळ्यांनी घड्याळाची एकच बाजू दिसत नसेल तर बिघाड मेंदूच्या मागच्या भागात. दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नसेल आणि बाहुल्या आकसत असतील तरीही उत्तर तेच. त्यानंतर तक्रार सुरू झाल्याची नेमकी वेळ कागदावर लिहायची, कारण पुढचे सगळे उपचार त्या वेळेपासून मोजले जातात. सोबत बोलणे अडखळते आहे का, तोंड वाकडे झाले आहे का, दोन्ही हात सारखे उचलले जातात का, हेही बघायचे.

तक्रार वेळेत कळावी म्हणून रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकांना आधीच एक वाक्य सांगून ठेवले पाहिजे: ‘दिसण्यात काहीही फरक वाटला, तर लगेच सांगा, थांबू नका.’ मनगटातून रक्त येऊ लागले तर कोणाला हाक मारायची हे प्रत्येकाला सांगितले जाते. दृष्टीबद्दलचे हे वाक्य त्याच यादीत बसायला हवे. नमुनेदार नागमोडी चमकत्या रेषा दिसून अर्ध्या तासात जाणे हा अर्धशिशीचा प्रकारही असू शकतो, पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे, रुग्णाचे नाही.

टेबलापलीकडचे डोळे

कॅथलॅबमध्ये, म्हणजे ही तपासणी जिथे होते त्या खोलीत, रुग्णाखेरीज आणखी काही डोळे धोक्यात असतात. क्ष-किरणांचा झोत रुग्णाच्या छातीवर असतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना एका तपासणीत फारसा किरणोत्सर्ग पोहोचत नाही. पण छातीवर आदळून विखुरलेले किरण टेबलाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षे पडत राहतात. डोळ्याचे भिंग किरणोत्सर्गाला विशेष हळवे असते. त्याच्या मागच्या पृष्ठभागाशी अपारदर्शक थर जमू लागतो आणि हा मोतीबिंदू वाचताना व उजेडात जास्त त्रास देतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने लॅटिन अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत हृदयतज्ज्ञांपैकी ३८ टक्क्यांच्या भिंगात असे बदल आढळले, तर किरणांपासून दूर काम करणाऱ्या तुलनागटात १२ टक्क्यांच्या.

२०११ साली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून खाली आणून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट केली. कोणत्याही एका वर्षात ती ५० च्या वर जाऊ नये असेही ठरवले. छताला टांगलेली शिसेमिश्रित काच योग्य जागी ओढून घेणे, बाजूंनीही झाकणारा शिशाचा चष्मा घालणे, किरणांचा पेडल गरजेपुरताच दाबणे आणि झोताच्या उगमापासून एक पाऊल मागे उभे राहणे, एवढ्या उपायांनी भिंगापर्यंत पोहोचणारी मात्रा पुष्कळ घटते. काच टेबलाजवळ असते. ती ओढून घेण्याची सवय मात्र प्रत्येक तपासणीत, घाई असली तरी, पाळावी लागते.